लेकींना सायकल दिलीत, आता रस्त्याची कडही द्या

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे आठवी ते दहावीच्या बऱ्याच मुली आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून सायकलने येतात. यातल्या कितीतरी सायकली शासनाच्या पैशातून आलेल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. २०२२ पासून त्यासाठी ५,००० रुपये दिले जातात. ज्यांनी ही योजना आखली त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. एरवी सातवीनंतर घरी बसल्या असत्या अशा मुली या सायकलीवर बसून दहावीच्या परीक्षेपर्यंत आलेल्या मी पाहिल्या आहेत. पण ही सायकल चालवायची कुठे, याचा विचार रस्ता बांधताना कोणी केलेला दिसत नाही. त्यासाठीच हे पत्र.

आमच्या भागातल्या कोणत्याही राज्यमार्गावर उभे राहून साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी, तेवढी बघावी. डांबराचे थर एकावर एक चढत गेले आणि रस्ता उंच झाला. कडेला भरलेला मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून गेला. खाली आमची काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात आणि डांबराची कड तुटत जाते. जिथे नवा सिमेंट रस्ता झाला, तिथे तर कडेला वीतभर उंचीची सरळ पायरीच आहे. मागून ट्रकने हॉर्न दिला की मुलगी घाबरून सायकल खाली घालते. खाली उतरताना बहुतेक वेळा ती सावरते. घात होतो तो परत वर चढताना. पुढचे चाक त्या पायरीला तिरके घासत जाते, वर चढत नाही, हँडल हातातून फिरते आणि मुलगी आडवी पडते ती डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. आता शहाण्या मुली गाडी दिसली की सायकलवरून उतरून बाभळीला खेटून उभ्या राहतात आणि गाडी गेली की पुन्हा बसतात. ५ किलोमीटरच्या वाटेत हे किती वेळा करायचे?

बाभळीचेही सांगायला हवे. कडेची वेडी बाभूळ वळणावर इतकी पुढे येते की समोरून कोण येते ते ना सायकलवालीला दिसते, ना गाडीवाल्याला. काटे पडून ट्यूब पंक्चर होते ते वेगळेच.

खरी भीती दिवाळीनंतरची. दहावीचे जादा तास संध्याकाळी सहापर्यंत चालतात. डिसेंबरात आमच्याकडे त्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली उसाची वाढे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपचा आवाज असा की मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. यात सायकलवालीचा जीव जातो तसा मोटारसायकलवाल्याचाही जातो. समोरच्या गाडीने अप्पर, म्हणजे प्रखर दिवा, मारला की क्षणभर काही दिसत नाही आणि दिसते तेव्हा उसाची मोळी छातीशी आलेली असते. म्हणून हे गाऱ्हाणे वाहनचालकांच्या विरोधात नाही. ट्रॅक्टरवाल्या पोरांना मी ओळखते, त्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत. त्यांचा हिशेब खेपेवर असतो, कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ती तासन्‌तास ताटकळतात आणि झोप न झालेल्या डोळ्यांनी परत निघतात. त्यांचे हाल कमी झाले तर रस्ताही निर्धोक होईल.

ट्रॉलीचा प्रश्न एकट्या आपल्या खात्याचा नाही, याची मला कल्पना आहे. पण परिवहन, साखर आयुक्तालय आणि बांधकाम यांना एका टेबलाशी बसवणे मंत्र्यालाच जमते. उपायही फार खर्चाचा नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू दिवा नसेल तर पुढच्या खेपेचा नंबर द्यायचा नाही, एवढा एक नियम काट्यावर पाळला गेला तरी पुष्कळ होईल. हंगामात पोलीस आणि आरटीओचे लोक येऊन रिफ्लेक्टर लावून जातात, ते चांगले काम आहे. पण चिखलाने आणि पाचटाने ती पट्टी काही खेपांतच झाकली जाते. ती रोज बघणारा माणूस काट्यावरच असतो.

अपघात झाला की गावकरी चिडतात आणि रातोरात दगड-मुरूम टाकून गतिरोधक तयार करतात. त्यांचा राग मला समजतो. पण तो उंचवटा ना रंगवलेला असतो, ना आधी फलक. रात्री त्यावरूनच मोटारसायकल उडते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, उताराचा असावा लागतो. गावाकडून मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या वाटेवर असा गतिरोधक, आणि मुख्य रस्त्यावर शाळेच्या अलीकडे-पलीकडे रंबलर पट्ट्या (गाडीला हादरे देऊन चालकाला सावध करणाऱ्या) व ठळक फलक खात्यानेच वेळेत केले, तर गावाला दगड टाकायची वेळ येणार नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. मुले रांगेत उभी राहून शपथ घेतात, चित्रे काढतात. आम्ही हे मनापासून करतो आणि करत राहू. डाव्या बाजूने सायकल चालवा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, एका सायकलवर तिघी बसू नका, हे मी वर्गात सांगते. पण डाव्या बाजूला जिथे पायरी आणि काटे आहेत, तिथे या शपथेचे मुलीने काय करावे? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार वा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्याकडे मात्र अपघातानंतर चर्चा होते ती चूक सायकलवालीची की ड्रायव्हरची एवढीच. पंचनाम्यात साईडपट्टीची उंची मोजून लिहावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एक गोष्ट मुंबईतून दिसत नाही, म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्यातले हजारो आई-बाप हंगामात ऊसतोडीला जातात, मुली आजी-आजोबांकडे राहतात. एखादी मुलगी रस्त्यावर पडली, हात मोडला, तर म्हातारी माणसे दुसऱ्या दिवसापासून तिलाच नाही, शेजारच्या दोघींनाही घरी ठेवतात. समजावायला गेले की एकच उत्तर मिळते: “बाई, लेकरू जितं राहिलं तर शिकंल ना.” यावर माझ्याकडे उत्तर नसते. शाळा सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत तिची सोयरीक जमलेली असते. बालविवाह रोखण्यासाठी शासन जे करते, त्यात साईडपट्टीचा मुरूमही धरला पाहिजे असे मला वाटते.

माझी मुख्य मागणी एकच आहे. मराठवाड्यात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गांवर जिथे जिथे माध्यमिक शाळा आहे, तिथे दोन्ही दिशांना ५ किलोमीटरपर्यंत, म्हणजे आपल्याच सायकल योजनेच्या अंतरापर्यंत, दीड मीटर रुंदीची साईडपट्टी डांबराच्या पातळीला आणून दाबून घ्यावी आणि तेवढ्या टप्प्यातली बाभूळ काढावी. अंदाजपत्रकात साईडपट्टीची तरतूद असतेच. ती जागेवर उतरली की नाही हे पाहून मगच ठेकेदाराचे देयक निघावे. पाहणीच्या वेळी मुख्याध्यापक आणि सरपंच यांना सोबत घ्यावे. दर पावसाळ्यानंतर मुरूम पुन्हा भरावा लागतो, म्हणून हे काम एकदाच करून भागणार नाही, देखभालीच्या पैशात ते दरवर्षी धरावे लागेल. जो रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तिथे तो कोणाचा आहे आणि तक्रार कोणाकडे करायची याचा फलक लावावा. आज एकाच वाटेवर तीन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात.

येत्या गळीत हंगामाआधी, म्हणजे दसऱ्यापर्यंत, आपल्या खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांना एकदा शाळा सुटायच्या वेळी आमच्या रस्त्यावर पाठवा, ही विनंती. त्यांनी मोजपट्टी आणावी. कुठे कड तुटली आहे, कुठल्या वळणावर मुली उतरून उभ्या राहतात, हे आमच्या दहावीच्या मुली त्यांना जागा दाखवून सांगतील. काय ठरले ते लेखी कळवावे. उत्तर आले की मी ते पालकसभेत वाचून दाखवेन.

आपली,
एक शिक्षिका,
ता. अंबाजोगाई, जि. बीड