लाकडी विमान आणि गोव्याचा पावसाळा

निवृत्तीनंतर घरच्या घरी लाकडी विमान बांधणाऱ्या गृहस्थांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करतानाच, आजच्या काळात लाकडाचे विमान म्हणजे जिवाशी खेळ, असा शेरा लेखात मारला आहे, तो पटला नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड वजनाच्या मानाने भक्कम असते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे वेगवान विमान मुख्यतः बर्च झाडाचे प्लायवूड आणि बाल्सा हे अतिशय हलके लाकूड यांचेच होते. मात्र १९४४ मध्ये भारतात त्यांतील काही विमानांचे पंख हवेत मोडून अपघात झाले, तेव्हा शंका घेतली गेली ती चिकटवलेल्या सांध्यांविषयी. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते अशा आपल्या गोव्यात, लाकूड जोडण्यापूर्वी त्यातील ओलावा मोजला जातो का, आणि दोन घटक मिसळून तयार होणाऱ्या इपॉक्सी गोंदाच्या प्रत्येक मिश्रणाने जोडलेला एक नमुना मुद्दाम मोडून पाहिला जातो का, हे लेखकाने विचारायला हवे होते. या चाचणीत सांधा न सुटता लाकूडच फाटले, तर जोड पक्का समजतात. इंजिन, परवाना, धावपट्टी हे विषय नंतरचे; पुढील लेखात या जोडकामाची सविस्तर माहिती द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त वाचक, फोंडा