बॅटरी बदलू नकोस, आधी करंट मोज

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रांगेत उभा होतो, धड बोलता आलं नाही. पण तू सांगितलेलं सगळं डोक्यात घोळत राहिलं. मोठ्या स्क्रीनचा प्लेअर, मागचा कॅमेरा, डॅशकॅम, सीटखाली ॲम्प्लिफायर, डिकीत बेस ट्यूब, वर हेडलाइटला शंभर वॉटचे बल्ब. आणि आता दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' होतं. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवी टाका. विन्या, एवढं पत्र वाचून होईपर्यंत नवी बॅटरी घेऊ नकोस. मी घेतली होती. चौथ्या दिवशी तीही उतरली.

माझं काय झालं ते तुला कधी पूर्ण सांगितलंच नाही. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोमवारी पहाटे निघायचं होतं. गाडी शुक्रवारी संध्याकाळी सातला लावलेली, मधे दोन दिवस हात लावला नव्हता. पाचला चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. बाबा स्वेटर-कानटोपी घालून मागच्या सीटवर बसलेले, आई हातात फाइल धरून. त्या थंडीत कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन रिक्षा आणली. ऑपरेशन नीट झालं, पण बाबा रिक्षात गारठून बसले होते ते अजून डोळ्यांसमोर आहे. बॅटरी तर नवीकोरी होती. मग तिच्यातला करंट कुठे गेला, हे शोधल्याशिवाय गप्प बसायचं नाही असं त्याच दिवशी ठरवलं.

सहाशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर आणला. तूही आण. वायरमनकडचा टेस्ट लॅम्प करंट येतोय का एवढंच सांगतो, किती येतोय ते सांगत नाही, आणि आपल्याला 'किती' हवंय.

पहिली दोन मापं सोपी आहेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज बघ. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. ११.९ च्या खाली गेली तर तिच्यात काही उरलं नाही असं समज. मग इंजिन चालू करून पुन्हा बघ. १३.८ ते १४.५ मधे कुठेही आकडा आला तर डायनामो चार्ज करतोय, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. माझा १४.२ दाखवत होता. तरी एका गॅरेजमधे मला डायनामो खोलायला सांगितलं होतं.

आता खरं माप, उभ्या गाडीचा करंट. हे सावकाश करायचं काम आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

बॉनेट उघड. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसव, म्हणजे गाडीला दरवाजा बंद आहे असं वाटेल आणि आतला दिवा विझेल. पुढे फ्यूजपर्यंत हात पोचायला हवा, म्हणून ही युक्ती. चावी काढून खिशात ठेव. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाल, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल. बॅटरीच्या निगेटिव्हची क्लॅम्प सैल कर पण लगेच उचलू नकोस. मीटरचा काळा चिमटा बॅटरीच्या खुंटाला, लाल चिमटा क्लॅम्पला लाव, आणि मगच क्लॅम्प हळूच वर काढ. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हेडलाइटही लावायचे नाहीत.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. घाबरू नकोस. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, एकेक करून झोपी जातात, त्याला वेळ लागतो. अर्धा तास थांब, चहा घे. मग जो आकडा स्थिर होईल तो खरा. चांगल्या गाडीत तो ५० मिलीअँपिअरच्या आत असतो. माझ्या गाडीत ५६० वर थांबला.

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. शुक्रवारी संध्याकाळी सात ते सोमवारी पहाटे पाच, ५८ तास. ५६० मिलीअँपिअर म्हणजे ०.५६ अँपिअर. ०.५६ गुणिले ५८, म्हणजे साडेबत्तीस अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ ची. बाबांना रिक्षातून का जावं लागलं, त्याचं उत्तर त्या दोन ओळींत होतं. एरवी ते लक्षात आलं नाही कारण मी रोज गाडी काढत होतो. पण चार किलोमीटरच्या फेरीत डायनामो रात्रभर गेलेलं परत भरू शकत नाही, त्यामुळे बॅटरी रोज थोडी थोडी खाली जात होती.

मग एकेक फ्यूज काढून मीटरकडे बघत गेलो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला आणि ५६० वरून एकदम ३६० झालं. डॅशकॅमची वायर त्या फ्यूजच्या पायाला नुसती गुंडाळून फ्यूज परत दाबलेला होता. पार्किंगमधे रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून कायमचा करंट दिलेला, पण व्होल्टेज उतरलं की तोडणारा कटऑफ मधे बसवलाच नव्हता.

उरले ३६०. बाकीचे फ्यूजही एकेक काढून, परत लावून बघितले तरी आकडा फारसा उतरेना. विन्या, इथे मी तासभर अडकलो. गाडीतल्या एकाही फ्यूजवर चोर सापडत नाही आणि करंट जातोय! शेवटी थकून सीटवर बसलो, मोबाईल खाली पडला म्हणून सीटखाली हात घातला, तर ॲम्प्लिफायर कोमट लागला. डिसेंबरातली सकाळ, गाडी आदल्या रात्रीपासून बंद, आणि धातू कोमट. तेव्हा उजेड पडला. त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, गाडीच्या फ्यूजबॉक्सशी तिचा संबंधच नाही. ॲम्प्लिफायरशेजारचा फ्यूज काढला आणि मीटरवर ३० आलं.

तो रात्रंदिवस जागा का होता? ॲम्प्लिफायरला एक बारीक रिमोट वायर असते. प्लेअर चालू झाला की तिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर उठतो, प्लेअर बंद झाला की झोपतो. प्लेअरच्या मागची निळी-पांढरी वायर त्यासाठीच असते. बसवणाऱ्याने डॅशबोर्डपर्यंत ती वायर ओढण्याचे कष्ट घेतले नाहीत. ॲम्प्लिफायरच्याच पॉझिटिव्हवरून दोन इंचांचा तुकडा टाकून रिमोटला जोडून दिला. गाणं वाजलं, मी खूश होऊन पैसे दिले. तुझा ॲम्प्लिफायर आज रात्री झोपण्याआधी हाताने चाचपून बघ. गाडी बंद करून दोन तास झाले तरी कोमट असेल, तर तुझं अर्धं काम तिथेच झालं.

तू म्हणालास की प्लेअरमधले रेडिओ स्टेशन आणि घड्याळ रोज पुसलं जातं. ते ऐकून मला जवळपास खात्री आहे की तुझ्या पिवळ्या आणि लाल वायरची अदलाबदल झालीय. पिवळी कायम करंटाला हवी, तिच्यावर आठवणी टिकतात. लाल चावीवर हवी, तिच्यावर प्लेअर उठतो आणि निजतो. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नकोस. तुझी गाडी जुनी घेतलेली आहे, आधीच्या मालकाने डॅशबोर्डमागे काय केलंय कुणास ठाऊक. गाडीच्या कपलरमधली (वायरी जोडायच्या प्लगमधली) कुठली वायर चावीशिवाय बारा व्होल्ट दाखवते आणि कुठली चावी फिरवल्यावर, हे मीटरने बघूनच जोड. आणि तिथे खाली पिवळ्या वेष्टणातली एअरबॅगची वायरिंग दिसली तर तिला मीटरही लावायचा नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ही गाडी कुठे उभी होती, हे आधीच्या मालकाला विचारलंस का? गाडी पाण्यात राहिली असेल तर कपलर उघडून आत बघ. तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर दिसला, तर कितीही नवं सामान बसवलंस तरी त्रास संपणार नाही. आधी ते साफ करून घे.

एक्सलेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते म्हणालास, तीही माझ्याकडे होती. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थला लावलं, गाणं मोठ्याने लावलं. चांगला अर्थ असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, एक दशांश व्होल्ट आला तरी पुष्कळ. माझ्याकडे ०.९ आले. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली रंगावरच कसलेली होती. रंग पत्र्यापर्यंत खरवडला, वायरच्या टोकाला नीट दाबलेलं थिंबल (धातूचं कडं) लावलं, वर थोडं ग्रीस. ०.०५ वर आलं. उरलेली बारीक कुईकुई प्लेअरकडून येणारी सिग्नलची केबल जाड पॉवर वायरपासून काढून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली तेव्हा गेली.

आता जे लिहितो ते उद्यावर टाकू नकोस. बॅटरीवरून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या त्या जाड लाल वायरला बॉनेटखाली, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज आहे का, ते उद्या सकाळी बघ. माझ्याकडे फ्यूज होता, पण सीटखाली, ॲम्प्लिफायरशेजारी. दिसायला सगळं ठीक. पण फ्यूज असतो वायरला वाचवायला. बॅटरीपासून सीटपर्यंतची सगळी वायर उघड्यावर होती. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून ती जात होती तिथे रबराचा ग्रॉमेटही नव्हता, आणि पत्र्याच्या धारेने वरचं वेष्टण कापत आणलं होतं. मी बोट फिरवलं तेव्हा आतलं तांबं हाताला लागलं. ते पत्र्याला टेकलं असतं तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहिली असती आणि वायरने कार्पेटखाली पेट घेतला असता. त्या सीटवर माझी मुलगी बसते. मी त्या दिवशी ती वायर बॅटरीवरून सोडवली आणि ग्रॉमेट, नळी, फ्यूज मिळेपर्यंत परत जोडली नाही. तुझ्या गाडीत फ्यूज नसेल तर तूही तेच कर. आठवडाभर गाण्याशिवाय काही बिघडत नाही.

हेडलाइटचंही तसंच. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा, वरच्या झोतावर एकेक साधारण पाच अँपिअर ओढतो. तुझे शंभरचे आठाच्या वर जातात, म्हणजे दोन्ही मिळून सोळा-सतरा, आणि तो सगळा करंट जुन्या वायरीतून आणि स्टिअरिंगवरच्या स्विचमधून. हॉर्न वाजवला की उजेड मंद होतो ते त्यामुळेच. आणि उजेड वाढायच्या ऐवजी वाटेतच व्होल्टेज गळतं. महिन्यातून दोनदा तू रात्री कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जातोस. वळणावर स्विच वितळून दोन्ही दिवे गेले तर काय, याचा विचार करून मला झोप लागत नाही. मूळ बल्ब परत लाव, हेच मी सांगेन. काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या घासून घे, त्यानेच पुष्कळ फरक पडेल.

काम कुणाकडे द्यायचं म्हणशील तर एसी, म्युझिक, सीटकव्हर सगळं एकाच छताखाली करणाऱ्याकडे नको. तुमच्या स्टँडजवळ ट्रकांची वायरिंग करणारे जुने वायरमन आहेत ना, त्यांच्याकडे जा. जोड झाळून त्यावर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवायला सांग. नुसती पीळ मारून चिकटपट्टी लावलेला जोड उन्हात डॅशबोर्डखाली सुटतो, पट्टीचा डिंक पातळ होऊन वायर उघडी पडते. आणि ते निळे प्लास्टिकचे चिमटे, वायर न कापता जोड देणारे, ते अजिबात नकोत. आतल्या बारीक तारा अर्ध्या तुटतात आणि महिन्याभराने कॅमेरा मधेच बंद पडायला लागतो. काम चालू असताना शेजारी उभा राहा. झाल्यावर त्यांच्यासमोरच करंट मोज, आकडा ५० च्या आत आल्यावर पैसे दे.

माझी गाडी आता ३० वर आहे. डॅशकॅमला कटऑफवाला किट लावला, १२.२ ला तोडतो. मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावाला गेलो होतो. परत आल्यावर बाबाच म्हणाले, मी लावून बघतो. पहिल्या झटक्यात चालू झाली.

मीटर मिळाला नाही तर माझा पाठवतो, पुढच्या आठवड्यात मावशी तिकडे येतेय. पण वायरचा फ्यूज मात्र उद्याच बघ आणि लगेच फोन कर, मी कामावर असलो तरी उचलेन. अर्ध्या तासाने स्थिर झालेला आकडाही कळव, मग पुढचं फोनवर एकेक फ्यूज काढत बघू.

काकूंना नमस्कार. वहिनींना आणि पोरांना आमच्या सगळ्यांकडून आठवण सांग.

तुझा,
अरुण