निकाल नको, घालमेल सांगा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, नोकरी बदलण्याविषयी मी मागच्या फोनवर तुमचे मत विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमचे शहाणपण आमच्या काळापुरते होते. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त शिकलेले आहात, तुम्हीच ठरवा." आईने मागून पुस्ती जोडली, की म्हाताऱ्या माणसांनी विचारल्याशिवाय बोलू नये आणि विचारले तरी थोडेच बोलावे. मला तेव्हा नीट उत्तर सुचले नाही. आणि सुचले असते तरी फोनवर तुम्ही ते पूर्ण ऐकून घेतले नसते. म्हणून लिहीत आहे.

तुमच्या त्या एका वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या: शिक्षणाने शहाणपण वाढते आणि काळ बदलला की जुने शहाणपण निरुपयोगी होते. पहिल्या गोष्टीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण ती खोडून काढण्याची साधने तुमच्याच कपाटात आहेत. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि शेवटचा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. म्हणजे रामदासांच्या लेखी विद्या मिळाल्याने मूर्खपणा संपत नाही, त्याचा फक्त प्रकार बदलतो. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, मान ताठ करून घरी परतला, तेव्हा वडिलांनी त्याला असा एक प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. त्या गोष्टीत मला सर्वांत आवडतो तो श्वेतकेतूचा पुढचा उद्गार. तो म्हणतो की माझ्या गुरूंना हे बहुधा माहीतच नसावे, नाहीतर त्यांनी सांगितले असते. तेव्हा आता तुम्हीच सांगा. आणि त्याचे वडील उद्दालकही त्याला सिद्धान्त देऊन मोकळे होत नाहीत. ते मुलाला वडाचे फळ आणायला लावतात, ते फोडायला लावतात, आत काय दिसते असे विचारतात. रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतात आणि सकाळी ते शोधायला लावतात. आजचे माझे मागणे याच जातीचे आहे, पण त्याकडे मी थोडी वळणे घेऊन येणार आहे.

दुसरी गोष्ट, म्हणजे वय, अनुभव आणि शहाणपण यांचे नाते, अधिक गुंतागुंतीची आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की तरुण माणूस भूमितीत आणि गणितात प्रवीण होऊ शकतो, परंतु व्यवहारात काय करावे हे ओळखणारा विवेक तरुणापाशी सहसा आढळत नाही. कारण हा विवेक एकेका विशिष्ट प्रसंगाशी संबंधित असतो, अशा प्रसंगांची ओळख अनुभवाने होते आणि अनुभवाला वेळ लागतो. हे वाचून तुम्हाला बरे वाटेल, पण लगेच हुरळून जाऊ नका. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस, उर्सुला श्टाउडिंगर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या दशकांत शहाणपण चक्क मोजण्याचा प्रयत्न केला. शहाणपणाला गुण द्यायचे ही कल्पनाच मला प्रथम हास्यास्पद वाटली होती, परंतु त्यांची रीत समजल्यावर माझे मत बदलले. ते लोकांना एखादा पेच सांगत आणि त्यावर मोठ्याने विचार करायला लावत. त्यातला एक पेच असा, की 15 वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचे आहे. तिने आणि इतरांनी कशाचा विचार करावा आणि काय करावे? "छे, या वयात लग्न म्हणजे वेडेपणा," एवढेच सांगून थांबणाऱ्याला कमी गुण मिळत. सर्वसाधारणपणे हे योग्य नाही असे मानूनही, ती मुलगी एकटी पडलेली आहे का, तिला एखादा असाध्य आजार आहे का, ती वेगळ्या समाजातली किंवा वेगळ्या काळातली आहे का, असे विचारणाऱ्याला आणि आपला अंदाज चुकू शकतो हे ध्यानात ठेवून सल्ला देणाऱ्याला जास्त. म्हणजे उत्तर काय दिले यापेक्षा उत्तरापर्यंत माणूस कोणत्या वाटेने गेला, हे ते पाहत होते.

या मोजमापात जे आढळले ते आपल्या तिघांनाही थोडे बोचणारे आहे. किशोरवयात ही क्षमता वाढते. मात्र साधारण पंचविशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत केवळ वय वाढल्याने तीत फारसा फरक पडत नाही. म्हातारपणी ती ओसरत नाही, ही तुमच्या दृष्टीने चांगली बातमी. पण आपोआप वाढतही नाही. अनुभव साठणे आणि अनुभवाने शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा मी त्याचा अर्थ लावते.

असे का व्हावे, याचा उलगडा मला एका वेगळ्याच वादातून झाला. अनुभवी माणसांच्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवावा की नाही, यावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ विरुद्ध बाजूंना होते. काहनेमन यांनी माणसाच्या ठोकताळ्यांतले दोष दाखवण्यात हयात घालवली होती, तर क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या पथकांचे प्रमुख क्षणात अचूक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला होता. दोघांनी मिळून 2009 मध्ये एक लेख लिहिला आणि त्यांचे एकमत झाले ते असे: ज्या क्षेत्रात घटनांमध्ये काही नियमितपणा असतो आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे माणसाला पुन्हा पुन्हा कळत राहते, तिथे अनुभवातून खरी जाण तयार होते. जिथे हे दोन्ही नसते, तिथे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आत्मविश्वास तेवढा वाढतो. आता आयुष्यातले मोठे निर्णय पाहा. जोडीदार कोण निवडावा, मुलाला किती मोकळीक द्यावी, आजारी माणसाला खरे केव्हा सांगावे, भावाशी वाटणीवरून भांडावे की सोडून द्यावे, असे प्रश्न आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा येतात. त्यांचा निकाल दहा-वीस वर्षांनी लागतो आणि तोपर्यंत मध्ये इतक्या गोष्टी घडून गेलेल्या असतात की कशामुळे काय झाले हे सांगता येत नाही. दुसरा मार्ग निवडला असता तर काय झाले असते, हे तर कधीच कळत नाही. शिकण्यासाठी याहून वाईट शाळा शोधून सापडणार नाही.

त्यात भर म्हणजे आपली स्मरणशक्ती या शाळेतली प्रश्नपत्रिकाच नंतर बदलून ठेवते. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारले की या दौऱ्यांत अमुक अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितले. ज्या गोष्टी घडल्या असे त्यांना वाटत होते, त्यांना आपण आधी जास्त शक्यता दिली होती, असे बहुतेकांना आठवले. प्रत्यक्षात त्यांनी तेवढी दिलेली नव्हती. "मला वाटलेच होते" असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे आठवत असते. परंतु ज्याला सगळे आधीच वाटलेले होते, त्याला त्या घटनेने शिकवण्यासारखे काही उरत नाही. आपल्या नात्यातल्या काही ज्येष्ठांचे चेहरे तुमच्या डोळ्यांसमोर आले असतील. नावे लिहीत नाही, कारण आई हे पत्र कोणाला तरी वाचून दाखवणारच.

मग शहाणपण येते तरी कुठून? याचे एकच एक उत्तर माझ्याकडे नाही, पण एका गोष्टीविषयी माझी बऱ्यापैकी खात्री झाली आहे: ते एकट्याच्या डोक्यात फारसे तयार होत नाही. बायबलमधला शलमोन राजा घ्या. एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांचा त्याने केलेला निवाडा जगभर सांगितला जातो, आणि त्याच शलमोनाच्या स्वतःच्या घरात 700 राण्या आणि 300 उपपत्नी होत्या. त्याचा मुलगा रहबाम गादीवर आल्यावर त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला बाजूला सारून बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांना, दुसऱ्यांच्या प्रश्नांत शहाणा पण स्वतःच्या प्रश्नांत नाही, अशा या शलमोनावरूनच नाव पडले आहे. जोडीदाराने विश्वासघात केला आहे अशी कल्पना करून त्यांनी काहींना स्वतःच्या बाबतीत आणि काहींना मित्राच्या बाबतीत विचार करायला लावला. मित्राविषयी विचार करणारे स्वतःच्या माहितीच्या मर्यादा मान्य करत होते, दुसऱ्याची बाजू पाहत होते, तडजोडीची वाट शोधत होते. स्वतःविषयी विचार करताना हे सारे कमी होत होते. साठी ओलांडलेल्यांतही हा भेद तरुणांइतकाच दिसला. मात्र स्वतःच्या अडचणीकडे परक्याच्या नजरेने पाहायला सांगितले, की तो नाहीसा होत होता.

बर्लिनच्या त्याच गटाने आणखी एक प्रयोग केला होता, तो मला याहून महत्त्वाचा वाटतो. पेचावर उत्तर देण्यापूर्वी काही जणांना आपल्या जवळच्या माणसाशी त्यावर चर्चा करू दिली आणि मग थोडा वेळ एकट्याने विचार करू दिला. त्यांच्या उत्तरांचा दर्जा स्पष्टपणे वाढला. विशेष म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष चर्चा न करता, अमुक माणूस यावर काय म्हणाला असता, असा मनातल्या मनात संवाद केला, त्यांचीही उत्तरे जवळजवळ तेवढीच सुधारली. मला हे वाचताना हसू आले, कारण काही ठरवताना "बाबा यावर काय म्हणतील" आणि "आई कुठला खोचक प्रश्न विचारील" हे माझ्या डोक्यात आपोआप चालू होते, आणि त्याला मी आजवर माझा दुबळेपणा समजत होते.

अर्थात नुसते ऐकून भागत नाही, हेही खरे आहे. धृतराष्ट्राला झोप येईना म्हणून त्याने विदुराला बोलावले आणि विदुराने रात्रभर त्याला नीती सांगितली. शेवटी धृतराष्ट्र जे बोलतो ते महाभारतातल्या सर्वांत प्रामाणिक वाक्यांपैकी एक आहे, असे मला वाटते: तू म्हणतोस तसेच माझे मत होते, पण दुर्योधन समोर आला की ते फिरते. त्याला काय योग्य ते कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याला दुर्योधनासमोर टिकून राहता आले नाही, आणि ते टिकणे विदुराच्या तयार सूत्रांतून त्याला मिळू शकले नाही. मला वाटते की निष्कर्ष दुसऱ्याकडून आयता घेतला, की त्याच्यामागचा झगडा आपला नसतो. म्हणून पहिल्याच मोहाच्या क्षणी तो हातातून सुटतो.

आता मागणे. बाबा, तुम्ही एकदा बढती नाकारली होती. आम्हा भावंडांना त्याचा फक्त निकाल ठाऊक आहे, आणि घरात सांगितली जाणारी त्याची कथा अशी आहे की बाबांनी कुटुंबासाठी क्षणात नकार दिला. मला ती कथा खरी वाटत नाही; क्षणात असे काही ठरत नसते. तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटत होती, कोणाला विचारले, कोणाला मुद्दाम विचारले नाही, नकार दिल्यानंतर पहिल्या वर्षी काय वाटले आणि आज काय वाटते, हे मला हवे आहे. आई, आजी अंथरुणाला खिळल्यावर तिला आपल्या घरी आणायचे तू ठरवलेस, तेव्हा तुझ्या मनात त्याविरुद्ध कोणकोणती कारणे होती? ती असणारच, आणि ती सांगितल्याने तुझा मोठेपणा तसूभरही कमी होणार नाही. तुमचे निर्णय मला उचलता येणार नाहीत, कारण माझी परिस्थिती वेगळी आहे. काळ बदलला हे तुमचे म्हणणे इथे मला मान्य आहे. पण दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या, की माणूस त्यांचे वजन कसे करतो, हे काळाबरोबर तितकेसे बदललेले नाही.

शक्य असेल तर जे आठवते ते तुम्ही दोघांनी आधी वेगवेगळे सांगावे. फिशहॉफच्या विद्यार्थ्यांप्रमाणे तुमच्याही आठवणी निकालाकडे झुकलेल्या असतील, आणि दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर कुठे काय झुकले आहे ते मला निदान दिसेल. बाबांनी लिहून पाठवावे. आईने फोनवर रेकॉर्ड करून पाठवावे, आणि ती बोलत असताना बाबांनी मध्येच तारखा आणि तपशील दुरुस्त करू नयेत, त्यासाठी त्यांनी तेवढा वेळ फिरायला जावे. माझ्या निर्णयाला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. दोन्ही बाजूंना मला काय काय वाटते आणि पुढे काय होईल असा माझा अंदाज आहे, हे मी एका कागदावर तारीख घालून लिहिले आहे. त्याची प्रत सोबत जोडत आहे. तिच्यावर "हो" किंवा "नाही" असे लिहू नका. जिथे माझा विचार अपुरा वाटेल, तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा.

तुमची,
धाकटी