मंत्रिमहोदय, माझ्या मुलीचं खरं वय किती?

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

आपलं नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही. आपण स्वतःला ओळखालच. नोव्हेंबरातला दत्तक-जागृतीचा कार्यक्रम आठवा. माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आपण म्हणालात, "महिन्याभरात हिचा जन्मदाखला घरी येईल." फोटो छान आला होता. दाखला आलेला नाही.

पण आज पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. तिच्या हनुवटीला तीन टाके पडलेत.

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पडदा लावून 'ऑर्फन' दाखवला. 2009 चा हॉलिवूडपट. एक जोडपं अनाथालयातून नऊ वर्षांची मुलगी घरी आणतं आणि ती घरातल्यांच्या जिवावर उठते. पोरंटोरं मागच्या सतरंजीवर लोळत बघत होती, कुणी हटकलं नाही. शेवटी ती आई त्या पोरीच्या तोंडावर लाथ घालून तिला गोठलेल्या तळ्यात ढकलते. ढकलताना सांगते, मी तुझी आई नाही. टाळ्या पडल्या हो! शिट्ट्यासुद्धा. मी मागच्या खुर्चीत होते. उठून जायला हवं होतं. पण उठले असते तर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं असतं.

दिवे लागल्यावर पहिलं वाक्य आलं, "काय काम केलंय त्या पोरीनं!" खरंय, उत्तमच केलंय. दुसरं, "म्हणून म्हणते, कुणाचं रक्त काय सांगावं." तिसरं जरा आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतकाच खाली, "यांची रात्रीची उठते का गं?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी 'शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी' म्हणून तुकोबांनाही मध्ये ओढलं.

आता गंमत बघा. त्या सिनेमात ती मुलगी लहान मूल नसतेच. तेहतीस वर्षांची बाई असते, आजारामुळे उंची खुंटलेली, पोर असल्याचं सोंग करणारी. म्हणजे सिनेमातलं भय एका लबाड प्रौढ बाईचं. दोन तास डोळे फाडून बघितलं आणि लक्षात काय ठेवलं? दत्तक!

बरं, हा खेळ जुनाच आहे. 1956 च्या 'द बॅड सीड'मध्ये खुनशीपणा आजीच्या रक्तातून नातीत उतरतो. 1976 च्या 'द ओमेन'मध्ये बदललेलं बाळ सैतानाचं निघतं. मूल भयंकर दाखवायचं तर आधी ते 'आपलं' नाही हे ठरवून घ्यायचं, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त. 'ऑर्फन'च्या वेळी अमेरिकेतल्या दत्तक पालकांनी आरडाओरडा केला. दत्तक मुलावर पोटच्या पोराइतकं प्रेम करणं अवघड असणार, अशा अर्थाचं ट्रेलरमधलं वाक्य मग कंपनीनं काढून टाकलं. नफ्यासाठी सिनेमे काढणाऱ्यांना तेवढं कळलं.

रविवारी सकाळी मुलांनी घसरगुंडीवर तोच प्रसंग खेळायला घेतला. ती पोर कोण होणार, यावर चर्चाही झाली नाही म्हणे. 'मी तुझी आई नाही' म्हणून ढकललं. ढकलणाराही आठ वर्षांचाच, त्याच्यावर माझा राग नाही.

रात्री टाक्यांवरची पट्टी चाचपत लेकीनं विचारलं, "आई, मी मोठी बाई आहे का? माझं खरं वय किती?"

आणि मंत्रिमहोदय, मला उत्तर देता आलं नाही. ती सापडलेली मुलगी. डॉक्टरांनी दात आणि हाडं बघून कागदावर जन्मतारीख घातली, अंदाजे. आम्ही दर वर्षी त्या तारखेला केक कापतो, औक्षण करतो. सात वर्षांची आहेस, म्हणाले. "नक्की?" म्हणाली. सरकारी शिक्क्याचा एक कागद पुढे धरता आला असता तर तो धरला असता. लाज वाटते सांगायला, पण त्या रात्री तेवढंच हवं होतं.

तो कागद का नाही, तेही ऐका. ती घरी आली 2022 मध्ये. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देणार, असा नियम लागू झाला. आमची फाइल कोर्टातून निघाली. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की तूर्त कोर्टांनीच बघावं. फाइल परत निघाली. या येरझाऱ्यांत माझी लेक दोन बूट मापं वाढली. आदेश आला, आता दाखला 'प्रक्रियेत' आहे. देशात तीसेक हजार जोडपी रांगेत, वर्षाला दत्तक जातात चार-साडेचार हजार मुलं. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, रांग खोटी नाही. आणि रांगेतून पार पडलेल्यांना खिडकीवरचे साहेब विचारतात, "स्वतःचं नाही का झालं?"

सिनेमावर बंदी मागत नाही. मला स्वतःला भयपट आवडतात. 2023 च्या कायद्यानं सिनेमाच्या यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचा) शिक्क्याचे तीन वयोगट केलेत, सात, तेरा, सोळा, फार छान. आमच्या क्लब हाऊसच्या दारात तो शिक्का कोण बघणार तेवढं कळवा. शाळांतून दत्तक या विषयावर कुणीतरी शहाण्या माणसानं एक तास बोलावं. आणि दाखला.

पण मी हे कुणाला सांगतेय? तुमच्याकडे तरी दुसरं काय चालतं? तिकीट मुलाला, नाही तर सुनेला, नाही तर पुतण्याला. पुतण्या रुसला तर पक्ष फुटतो. रक्त बघून मतदारसंघ वाटणाऱ्यांनी सोसायटीतल्या बायकांना काय शिकवायचं? सयाजीराव 1875 मध्ये दत्तक गेले, शाहू महाराज 1884 मध्ये. त्यांच्या पुतळ्यांना हार घालताना कुणी विचारत नाही, रात्रीचे उठायचे का. (ते राजघराण्यातले दत्तक, माहीत आहे. मुद्दा सोडत नाही.)

टाके गुरुवारी काढायचेत. तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. अंदाजे.

आपली,
एक आई (दाखला प्रक्रियेत)
पुणे