सूचना : पूर आल्यास खालचा हॉल उघडण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

कोयना धरणाचा विसर्ग वाढला की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. तिथे पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगरच्या लोकांना मात्र इशाऱ्याच्या आसपासच गाठोडी बांधावी लागतात. त्यामुळे यंदाही त्यांच्यासाठी सोसायटीचा हॉल उघडणार आहोत.

मागच्या वेळच्या तक्रारी माझ्याकडे लेखी आहेत : टाकी दुपारीच संपली, रात्रभर मूल रडलं, पार्किंगमध्ये म्हैस बांधली. तिन्ही खऱ्या आहेत. म्हशीचा त्रास तर मलाच जास्त झाला, माझी गाडी तिच्या शेजारी होती! पण २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती माणसं जनावर सोडून येणार कुठे? विश्रामबागेत आपण कोरडे राहिलो ते आपल्या हुशारीने नव्हे. बिल्डरला जागा उंचावर मिळाली, एवढंच.

हॉलची किल्ली वॉचमनकडे राहील. कोण, कुठले, किती दिवस, असली चौकशी दारात नको. आधार कार्ड मागू नये. अनेकांचं पाण्यात गेलेलं असतं. जेवताना फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत.

तेवढे दिवस पाणी सकाळी एक तासच सुटेल. खालच्या चार गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतील, पहिली माझी. जुन्या सतरंज्या आणि सॅनिटरी पॅड रविवारपर्यंत ऑफिसात द्यावेत. फाटके कपडे कृपया नकोत, मागच्या वेळी दोन पोती टाकून द्यावी लागली.

– सचिव