रेडियमवाल्या भाऊंना मनापासून

नमस्कार भाऊ,

अख्खा मे महिना नागपूरच्या उन्हात उभी राहूनही गाडीच्या आतल्या एकाही स्टिकरचा कोपरा सुटलेला नाही. हे तुम्हाला कळवावं आणि सगळ्यांसमोर तुमचे आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

सेकंडहँड वॅगनआर घेतली तेव्हा आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर लाकडासारखं दिसणारं स्टिकर लावून ठेवलं होतं. उन्हाने ते आक्रसलेलं, कडा वर आलेल्या, आणि कडेने उघडा पडलेला चिकट गोंद धुळीने काळा झालेला. शाळेत जाता-येता रोज नजर तिथेच जायची. बाजारात विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "त्याच्यावरच नवीन मारून देतो." तुम्ही एकटेच म्हणालात, "ताई, आधी जुनं काढा लागेल. गाडी दिवसभर ठेवून जा."

मी गेले नाही, तिथेच स्टुलावर बसून पाहत राहिले. हेअर ड्रायरची ऊब देत, प्लास्टिकच्या पट्टीने तुम्ही ते स्टिकर तसूतसूने सोडवत होतात. दुकानातल्या मुलाने थिनरची बाटली पुढे केली, तर तुम्ही ती परत ठेवायला लावलीत. थिनरने प्लास्टिक मऊ पडतं, डाग कायमचा राहतो, हे त्यालाही समजावलंत. गोंद निघाला निलगिरीच्या तेलाने. मग तेल काढायला साबणाचं पाणी, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन खाचेत जरासं जरी राहिलं, तर कितीही भारी स्टिकर असो, तिथे धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. लावण्यापेक्षा पुसण्यातच जास्त वेळ गेला आणि तुम्ही जराही घाई केली नाहीत.

स्टिकरच्या दोन जाती असतात, हेही तुम्हीच दाखवलंत. स्वस्त विनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, रोलरखाली दाबून, ताणून पातळ केलेलं असतं. ऊन लागलं की ते पुन्हा आखडायला बघतं. दुसरं द्रवरूपात ओतून बनवतात, त्यात तो ताणच नसतो, म्हणून ते वळणावर नीट बसतं. दोन्हींचे तुकडे माझ्या हातात देऊन म्हणालात, "ओढून पाहा." भावातला फरकही स्पष्ट सांगितलात आणि निवड माझ्यावर सोडलीत. स्टीरिओभोवतीच्या चकचकीत काळ्या पट्टीवर नखांचे ओरखडे उठले होते. तिच्यासाठी मी मॅट करडा रंग घेतला, तो आजही नवा दिसतो.

एसीच्या जाळीचा कोपरा मात्र मी विसरणार नाही. गोल वळण, आत खोल खाच. तुम्ही स्टिकरची फिल्म ताणून दाबली नाहीत. आधी गरम करून सैल सोडलीत, बोटाने खाचेत बसवलीत, कड आत दुमडलीत आणि मग पुन्हा उष्णता दिलीत. खोलगट जागी ९० अंशांच्या आसपास तापवलं की फिल्म आपला मूळ आकार विसरते आणि बसवलेल्या आकारातच राहते, पण त्याहून फार वर गेलं तर खालचं प्लास्टिकच वाकतं. ही हद्द तुमच्या हाताला पाठ आहे. आणि डॅशबोर्डला ब्लेड टेकवायचं नाही म्हणून तुम्ही दोरा असलेली टेप वापरलीत. दोरा ओढला की फिल्म सरळ रेषेत कापली जाते, खाली साधी रेघही उठत नाही.

पण भाऊ, सगळ्यात मोठे आभार तुमच्या नकाराचे. तीच पट्टी डावीकडे एअरबॅगच्या झाकणावरूनही न्या, असा माझा आग्रह होता. तुम्ही साफ नाही म्हणालात. ते झाकण आतून मुद्दाम कमजोर ठेवलेल्या रेषेवर फाटतं; वरून काही चिकटवलं तर ते नीट उघडणार नाही किंवा तुकडा उडून माणसाला लागेल, असं तुम्ही मला बोट ठेवून दाखवलंत. स्टीअरिंगच्या मधल्या भागालाही हात लावला नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना ड्रायव्हरशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. सरकारने दिलेलं ते संरक्षण शोभेसाठी बांधून टाकायचं नाही, इतकी समज मला तुमच्या दुकानात मिळाली. त्या सीटवर माझी आई बसते.

डॅशबोर्डच्या वरच्या भागावर चकचकीत फिल्म लावायलाही तुम्ही नाही म्हणालात, पुढच्या काचेत प्रतिबिंब पडतं म्हणून. जितकं कमी लावलंत तितकं तुमचं बिल कमी झालं, आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

माझी मैत्रीण तिची गाडी घेऊन तुमच्याकडे येणार आहे. तिला दारांच्या पट्ट्या करायच्या आहेत. येण्याआधी आतून पॉलिश मारू नकोस, असं मी तिला बजावलंय.

तुमची,
करड्या पट्टीच्या वॅगनआरवाली ताई