शिबिरात गोळ्या मिळतात, माहिती नाही

महोदय,

८ मार्च जवळ आला की नाशिकमध्ये महिला आरोग्य शिबिरांचे फलक झळकतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, पाहुण्यांचा सत्कार. (सत्काराला तपासणीहून जास्त वेळ लागतो, ते असो.) आपलं शरीर चालतं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी परिचारिका होते. सुरगाणा-पेठहून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या बायकांसोबत बसायचे. फरशीवर खडूने बाईची आकृती काढून 'पिशवी (गर्भाशय) कुठं असते?' विचारलं की खडू जायचा थेट बेंबीच्या वर. एकीने तर कोहळ्याएवढी काढली. नुसती मुठीएवढी असते म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, तार सुटणारं पाणी जातं ते निरोगीपणाचं. खाज, दुर्गंधी असेल तर दवाखाना गाठायचा, हा फरकही बहुतेकींना ठाऊक नसायचा. मग 'पांढरं जातंय' म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका' सांगणं सोपं होतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये अख्ख्या राज्याने वाचलं.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अमेरिकेत स्त्री-आरोग्य कार्यकर्त्या कॅरोल डाउनर १९७१ पासून बायकांना आरसा आणि बॅटरी घेऊन स्वतःचं गर्भाशयमुख बघायला शिकवत होत्या. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. आरोप काय, तर मैत्रिणीच्या बुरशीच्या संसर्गावर दही लावलं! त्या निर्दोष सुटल्या.

तेव्हा डॉक्टरवर विसंबण्याला पर्याय म्हणजे स्वतः जाणून घेणं होतं. आता 'नैसर्गिक' म्हणून योनी धुण्याची द्रव्यं खपवतात. आतले उपकारक जिवाणू आम्ल तयार करून संसर्ग रोखतात, धुण्याने त्यांचंच नुकसान होतं. पण हे बाटलीवर कोण छापणार?

आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथंच, म्हसरूळला आहे. तिथून संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थिनींना हंगामात संध्याकाळी बागांवर पाठवावं, सोबत त्या भागातली आशाताई असावी. दिवसा शिबिर ठेवलं तर मजूर बाई रोज बुडवून येणार नाही. शिवाय पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहावं.

– एक निवृत्त परिचारिका, सिडको, नाशिक